ग्रुप पॉलिसीतून पॉवरशेल लॉगिंग चालू केलं, तरी ४१०४ च्या नोंदी का सापडत नाहीत?

डोमेनमधल्या (एकाच ठिकाणाहून सांभाळल्या जाणाऱ्या नेटवर्कमधल्या) सगळ्या मशीनसाठी 'टर्न ऑन पॉवरशेल स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग' एनेबल केलंय, पण काही मशीनवर ४१०४ च्या, म्हणजे कोणता पॉवरशेल कोड चालला ते सांगणाऱ्या, नोंदीच येत नाहीत आणि जिथे येतात तिथे कालच्या आज सापडत नाहीत, असं तुम्ही म्हणताय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी नोंदीच न येणाऱ्या मशीन बघा. सेटिंग कंप्युटर कॉन्फिगरेशन → ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स → विंडोज कॉम्पोनंट्स → विंडोज पॉवरशेल इथे केलं असेल, तर जीपीओ (ग्रुप पॉलिसी ऑब्जेक्ट, म्हणजे सेटिंगचा संच) ज्या ओयूला (डोमेनमधल्या युजर-मशीनच्या गटाला) जोडलाय त्यात कंप्युटर ऑब्जेक्ट असायला हवेत. नुसत्या युजरच्या ओयूला जोडला तर हा भाग लागूच होत नाही. ॲडमिन म्हणून जीपीरिझल्ट (लागू झालेल्या पॉलिसी दाखवणारी आज्ञा) चालवा, तुमचा जीपीओ कंप्युटरच्या यादीत आहे का ते लगेच कळेल. असेल तर पॉवरशेलची नवी खिडकी उघडून तपासा. आधीपासून उघडी असलेली जुनंच सेटिंग धरून बसते. नोंदी 'मायक्रोसॉफ्ट → विंडोज → पॉवरशेल → ऑपरेशनल' मध्ये शोधा. 'विंडोज पॉवरशेल' नावाचा जुना लॉग वेगळा, ४१०४ तिथे येत नाही.

एक चकवा: संशयास्पद वाटणारा कोड पॉलिसी नसतानाही वॉर्निंग पातळीवर ४१०४ म्हणून नोंदला जातो. त्यामुळे दोन-चार पिवळ्या नोंदी दिसल्या म्हणून पॉलिसी पोचली असं समजू नका. साधी, निरुपद्रवी आज्ञा देऊन तिची नोंद येते का ते पाहा.

कोणी पॉवरशेल ७ वापरत असेल तर त्याच्या नोंदी 'पॉवरशेलकोअर → ऑपरेशनल' मध्ये जातात आणि त्याची पॉलिसीही वेगळी असते. तिच्या टेम्प्लेट फाइल पॉवरशेल ७ च्याच फोल्डरमध्ये मिळतात. त्या सेंट्रल स्टोअरमध्ये (डोमेनच्या सामायिक टेम्प्लेट फोल्डरमध्ये) टाका.

आता नोंदी उडण्याचं. ऑपरेशनल लॉगची मूळ मर्यादा १५ एमबी आहे. मोठी स्क्रिप्ट एकाच स्क्रिप्टब्लॉक आयडीखाली अनेक तुकड्यांत नोंदली जाते, त्यामुळे एखादं इन्व्हेंटरी एजंट (मशीनची माहिती गोळा करणारा प्रोग्रॅम) दिवसभर स्क्रिप्टा चालवत असेल तर लॉग भराभर भरतो आणि जुनं पुसलं जातं. ग्रुप पॉलिसीतलं लॉगच्या आकाराचं सेटिंग ॲप्लिकेशन, सिक्युरिटी, सेटअप आणि सिस्टिम एवढ्यांनाच लागू आहे, याला नाही. म्हणून स्टार्टअप स्क्रिप्टमधून वेव्हटयुटिल या लॉग सांभाळणाऱ्या विंडोज साधनाच्या 'एसएल' आज्ञेने आकार वाढवा. ती आकडा बाइटमध्ये घेते: २५६ एमबीसाठी २६८४३५४५६. तरी मशीनवरचा लॉग हा तात्पुरताच साठा. हल्लेखोर ॲडमिन झाला की तो पुसू शकतो. इव्हेंट फॉरवर्डिंगने नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा.

त्याच सेटिंगमध्ये 'इन्व्होकेशन स्टार्ट/स्टॉप' चा चौकोन आहे, त्यावर टिक केलीय का तेही बघा. त्याने ४१०५ आणि ४१०६ चा, म्हणजे ब्लॉक सुरू झाल्याच्या आणि संपल्याच्या नोंदींचा, पूर येतो. माझ्या मते रोजच्या वापरात तो बंदच बरा. मात्र तोच ब्लॉक त्याच सत्रात पुन्हा चालला तर ४१०४ परत येत नाही, त्यामुळे स्क्रिप्ट किती वेळा चालली हे ४१०४ मोजून ठरवू नका. आउटपुटही त्यात नसतं. त्यासाठी ट्रान्स्क्रिप्शन (आज्ञा आणि आउटपुट फाइलमध्ये उतरवणारी सोय) लागतं.

याकडे सहसा कोणी बघत नाही: स्क्रिप्टमध्ये पासवर्ड थेट लिहिलेला असेल तर तो ४१०४ मध्ये जसाच्या तसा उतरतो, आणि हा लॉग मुळात ॲडमिन नसलेल्यालाही वाचता येऊ शकतो. 'प्रोटेक्टेड इव्हेंट लॉगिंग' मजकूर सर्टिफिकेटच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करतं. खासगी किल्ली फक्त नोंदी गोळा करणाऱ्या सर्व्हरवर ठेवा. निदान लॉग वाचण्याची परवानगी तरी आवळा.

आणि जुन्या मशीनवर 'विंडोज पॉवरशेल २.०' हे फीचर काढून टाका. त्या इंजिनात स्क्रिप्ट ब्लॉक लॉगिंग नाहीच, त्यामुळे कोणी मुद्दाम आवृत्ती २ सुरू केली तर ४१०४ येणार नाही. मागे 'विंडोज पॉवरशेल' या जुन्या लॉगमध्ये इंजिन सुरू झाल्याची ४०० ची नोंद उरते, तिच्यात इंजिन आवृत्ती २.० दिसते.