म्हापशाच्या बाजारात मुलांना घेऊन जाताना

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

मे महिन्याच्या सुटीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुलांच्या सकस आहाराच्या उपक्रमाला हातभार लावायचे तू ठरवलेस, हे वाचून समाधान वाटले. पत्रासोबत पाठवलेले जीवनसत्त्वांचे तक्ते सुबक आहेत, पण ते घरीच राहू देत. तांबड्या भाजीत (लाल माठात) लोह असते हे ऐकून सात वर्षांच्या मुलाला भूक लागत नाही. मात्र जुडी हातात देऊन देठ मोडायला लावले आणि बोटांना तांबडा रंग लागला की ते आपणहून प्रश्न विचारू लागते. लोहाचे बोलणे आईवडिलांशी करावे: भाजीवर लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे कमी, एवढे त्यांना पुरे.

मुख्य गोष्ट चिकाटीची आहे. नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावी लागते. म्हणून पहिल्या शुक्रवारी कोणी तोंड वेडेवाकडे करून घास थुंकला, तर त्याला हसू नये, आग्रहही करू नये, आणि भाजी खाल्ल्यास चॉकलेट देण्याचा सौदा तर मुळीच करू नये. त्यातून भाजी ही शिक्षा असते एवढेच मूल शिकते.

खरेदी मात्र मुलालाच करू द्यावी. अमेरिकेतील काही शेतकरी बाजारांत मुलांना स्वतःची भाजी घेण्यासाठी छोटी टोकने देतात. आपल्याकडे वीस रुपयांची नोट तेच काम करील. पाच वाटे न्याहाळून एक निवडणारे मूल तो वाटा घरी सहसा विसरत नाही. यात भाजीवालीचा खोळंबा होतो, हे ध्यानात ठेव. तिची भवानी होण्याआधी मुलांचा घोळका पुढ्यात उभा करू नये, आणि हाताळून चुरगळलेल्या भाजीचे पैसे न मागता द्यावेत. ती पहाटे गाव सोडून आलेली असते. आपण हौसेने आलेलो असतो.

चवीसाठी नाचणीचे तिझन, म्हणजे गूळ घातलेली खीर, ठेवणार असशील तर उत्तमच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गूळ बेताने घालावा, कारण तीही शेवटी साखरच. काजूचा कूट वरून घालण्याचा मोह होईल, तो आवर. आपल्या गोव्यात काजू घरोघरी असला तरी काही मुलांना तो बाधतो, म्हणून पालकांना विचारल्याशिवाय कोणाच्याही हातावर काही ठेवू नये. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे आणि गाजराच्या कच्च्या चकत्या देऊ नयेत. त्या घशात अडकतात.

पहिल्या खेपेस एकच भाजी आणि तिझन, एवढेच मांड. हात धुण्याचे पाणी घरून न्यावे. गर्दीच्या वेळी नळाशी जागा मिळेलच असे नाही.

तुझा शुभचिंतक