पासवर्ड मॅनेजर ॲपसाठी दरवर्षी पैसे भरणं खरंच गरजेचं आहे का?

तुमचा प्रश्न असा, की पन्नासएक खाती आहेत, आजवर पासवर्ड थोडे डायरीत, थोडे ब्राउझरमध्ये ठेवत आलात. आता सगळे पासवर्ड एकाच कुलूपबंद तिजोरीत सांभाळणारं एक ॲप, म्हणजे पासवर्ड मॅनेजर, आवडलंय, पण ते वर्षाचे पैसे मागतंय. भरावेत का?

एकट्यापुरतं असेल तर नका भरू. मी स्वतः घरी फुकटचंच वापरतो. ऑफिसात मात्र आम्ही माणशी दरमहा पैसे भरतो, आणि त्या बिलावर आमच्या साहेबांनी आजवर एकदाही कुरकुर केलेली नाही. चहाच्या बिलावर दर महिन्याला करतात.

मी इचलकरंजीत एका कर सल्लागाराकडे काम करतो. आमच्या धंद्यात पार्टीचे, म्हणजे ग्राहकाचे, पासवर्ड आमच्याकडेच असतात. असू नयेत हे सगळ्यांना कळतं, पण रिटर्न भरायची शेवटची तारीख जवळ आली की सूतवाले, यंत्रमागवाले, किराणावाले, कुणीही स्वतः लॉगिन करत बसत नाही. बरीच वर्षं हे सगळे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये होते. फाइलचं नाव ‘पासवर्ड फायनल नवीन २’. रकाने असे: पार्टीचं नाव, पॅन, इन्कम टॅक्सचा पासवर्ड, जीएसटीचा आयडी, जीएसटीचा पासवर्ड, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो. शेवटच्या रकान्यात ‘धाकट्या मुलाचा’, ‘नंबर बंद’, ‘वहिनींना दुपारनंतर फोन करणे’ असले शेरे. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर युजर आयडी म्हणजे पॅनच, आणि पॅनकार्डाच्या झेरॉक्स तर माणूस गावभर वाटत फिरतो. म्हणजे खरं कुलूप एकच, पासवर्डाचं. तो आम्ही काय ठेवायचो? आडनाव, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे साल. एकशे ऐंशी पार्ट्या आणि जवळपास एकच किल्ली.

एका जुलैत, २९ तारखेला रात्री, एका सूत व्यापाऱ्याला त्याचं कॉम्प्युटेशन, म्हणजे कराचा हिशोब, व्हॉट्सॲपवर पाठवायचं होतं. मी पाठवली ही शीट. निळ्या खुणा उमटल्या तेव्हा माझ्या एका हातात वडापाव होता. दोन मिनिटांत फोन आला, “काय पाठवलायसा हो हे? ह्यात माझ्या साडूचा पण पासवर्ड हाय की!” माणूस भला. फाइल डिलीट केल्याचं दाखवायला दुसऱ्या दिवशी स्वतः ऑफिसात आला. तरी आम्ही रिटर्न भरता भरता एकेका पार्टीचा पासवर्ड बदलत दोन रात्री तिथंच काढल्या. चूक माझी होती, त्यामुळे घरी जायची परवानगी मागायचीही सोय नव्हती.

ऑगस्टात साहेबांनी पैसे भरून पासवर्ड मॅनेजर घेतला. पैसे कशाचे, तर कुठल्या माणसाला कुठल्या पार्ट्यांचे पासवर्ड दिसावेत हे ठरवता येतं, कोण कधी काय उघडून गेलं याची नोंद राहते, आणि नोकरी सोडून गेलेल्याचं खातं एका क्लिकवर बंद होतं. त्यानं पाहिलेले पासवर्ड तरी बदलावेच लागतात, पण निदान कुठले बदलायचे हे कळतं. तुम्हाला एकट्याला यातलं काय लागतं? काहीच नाही.

लोकांचा एक समज असतो, की पैसे भरले की कुलूप जास्त मजबूत मिळतं. तसं नसतं. बिटवॉर्डन या ॲपचं उदाहरण घ्या. फुकट वापरणाऱ्याची आणि पैसे भरणाऱ्याची तिजोरी तिथं एकाच पद्धतीनं बंद होते, तुमच्याच फोनवर वा संगणकावर, तुमच्या मुख्य पासवर्डापासून (तिजोरी उघडायचा तो एकच पासवर्ड) बनवलेल्या किल्लीनं. त्यांच्या सर्व्हरवर जातं ते बंद गाठोडं. फुकटात पासवर्डांच्या संख्येला मर्यादा नाही, फोन-संगणक कितीही जोडा. पैसे भरले की कागदपत्रं ठेवायला जागा, ओटीपीचे आकडे तयार करायची सोय आणि आणीबाणीचा प्रवेश (तो काय ते पुढे सांगतो) अशा गोष्टी मिळतात. याउलट वनपासवर्ड या ॲपमध्ये कायमचा फुकट पर्यायच नाही; एकट्यालाही दरवर्षी पैसे भरावेच लागतात. वापरायला ते गुळगुळीत आहे, हे मान्य. पण गुळगुळीतपणाचे पैसे मी तरी देणार नाही.

महाग आणि नावाजलेलं म्हणजे सुरक्षित, या समजालाही २०२२ साली मोठा धक्का बसला. लास्टपास या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरट्यांनी उचलून नेल्या, आणि त्यात पैसे भरणारेही होते. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण कुठल्या कुठल्या साइटवर खातं आहे ते पत्ते उघडे होते. शिवाय गाठोडं चोराच्या घरी पोचलं की तो सवडीनं, कुणी अडवणारं नसताना, किल्ल्या लावून बघत बसू शकतो. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि वेगळा होता त्यांचं कुलूप टिकण्यासारखं होतं. ज्यांचा आडनाव-ॲट-साल असा होता, त्यांनी भरलेले पैसे तिथं काय कामाचे? त्याच कंपनीनं २०२१ साली फुकटवाल्यांना ‘एक तर फोन निवडा नाहीतर संगणक’ असं सांगून कात्रीत पकडलं होतं. म्हणून कुठलंही ॲप घेण्याआधी त्यातून सगळे पासवर्ड बाहेर काढून दुसरीकडे नेता येतात का, ते पहिल्याच दिवशी बघा.

ब्राउझरमध्ये ठेवता म्हणालात. लोक समजतात तितकं ते वाईट नाही. फोन अँड्रॉइड आणि संगणकावर क्रोम असेल तर गूगलचा पासवर्ड मॅनेजर डायरीपेक्षा हजार पटींनी बरा. ॲपलवाल्यांना २०२४पासून पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲपच मिळालंय. दोन्ही फुकट. माझी अडचण एवढीच, की मेल, फोटो, पासवर्ड सगळं एकाच खात्यावर लटकतं. ते खातं अडकलं की सगळंच अडकलं. किपास हा तिसरा फुकट मार्ग. त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि फाइल तुमच्याकडेच. सुंदर प्रकार आहे, पण ती फाइल फोनवर न्यायची, जपायची, तिची दुसरी प्रत ठेवायची, हे सगळं तुमच्या गळ्यात. मी दोन महिने केलं. मग फोनवरची फाइल वेगळी आणि संगणकावरची वेगळी झाली, तेव्हा सोडलं.

या ॲपचा खरा फायदा मात्र लक्षात ठेवण्यापलीकडचा आहे, आणि तोही फुकटात मिळतो. ॲप साइटचा पत्ता बघून पासवर्ड भरतं. बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट तुम्हाला फसवेल, ॲपला पत्ता वेगळा दिसतो आणि ते गप्प बसतं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपल्या साइट ‘बँक डॉट इन’ या नव्या पत्त्याच्या घरात हलवायला सांगितलं होतं, आठवत असेल. त्या दिवसांत आमच्या मावशींचा फोन, “तुझं ते ॲप बिघडलं, बँकेचा पासवर्ड भरतच नाही.” बिघडलं नव्हतं, पत्ता बदलला होता आणि ॲप अनोळखी दारात उभं राहून नाही म्हणत होतं. पत्ता नीट तपासला, मग नोंदीत नवा पत्ता जोडला, संपलं. अशा वेळी वैतागून पासवर्ड हातानं चिकटवायची सवय मात्र लावून घेऊ नका. ॲप गप्प बसलं की आधी वर पत्त्याच्या पट्टीकडे बघायचं.

आपल्याकडे एक त्रास होईल, तो आधीच सांगतो. ॲप हौसेनं वीस अक्षरी पासवर्ड बनवून देतं आणि साइट तो घेत नाही. इन्कम टॅक्स पोर्टलवर ८ ते १४ अक्षरांतच बसवावा लागतो. काही बँकांच्या साइटवर पासवर्ड चिकटवूच देत नाहीत, टाइप करा म्हणतात. तिथं ॲपमधली लांबी कमी करायची आणि बघून टाइप करायचं. चिडचिड होते, पण त्या पाचसात साइटसाठी पन्नास खात्यांना एकच पासवर्ड ठेवण्यात अर्थ नाही.

आता मुख्य पासवर्ड. तो विसरलात तर कंपनी परत देऊ शकत नाही, कारण तो तिच्याकडे नसतोच. ‘फरगॉट पासवर्ड’वर विसंबून जगलेल्या माणसाला हे पहिल्यांदा झेपत नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले चारपाच शब्द ओळीनं लावा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेत तर पाठ राहतात: घंगाळ, चिंचोका, असले काही (हे दोन आता वापरू नका). फक्त स्पेलिंग एकदा ठरवा आणि कागदावर लिहा. माझ्या मेव्हण्यानं ‘वांगं’ हा शब्द घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीवरून परत आल्यावर स्वतःच्याच तिजोरीबाहेर तासभर उभा राहिला. व्ही की डब्ल्यू, एक ए की दोन, शेवटी ए की ई?

तो कागद पाकिटात घालून मी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलाय, एफडीच्या पावत्यांशेजारी. बायकोला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांच्या मागे त्यांचा मेल उघडायला आम्हाला कित्येक आठवडे लागले होते, आणि विम्याचे, बँकेचे सगळे निरोप त्याच मेलवर येत होते. त्यानंतर हे पाकीट आलं.

पैसे भरण्याचं घरगुती कारण मला दिसतं ते एवढंच: दुसरा माणूस. मघाचा आणीबाणीचा प्रवेश तो हाच: बिटवॉर्डनमध्ये पैसे भरले की तुम्ही कुणाला तरी नेमू शकता. त्यानं तिजोरी उघडायची विनंती केली आणि तुम्ही ठरवलेल्या दिवसांत नकार दिला नाहीत, तर त्याला ती उघडून मिळते. मुलं परदेशात, आईवडील गावी, कपाटाच्या लॉकरची किल्ली कुणाकडेच नाही, असं घर असेल तर यासाठी पैसे जरूर मोजा. घरातल्या चारपाच जणांना विजेच्या बिलापासून ओटीटीपर्यंत पासवर्ड वाटून घ्यायचे असतील, तर कुटुंबाचा प्लॅन माणशी पाहिला तर स्वस्त पडतो. फक्त नवराबायको असाल तर थांबा, दोघांत वाटून घेणं बिटवॉर्डनमध्ये फुकटातही होतं.

पन्नास खाती एका रविवारी हलवायला बसू नका, कंटाळून सोडाल. आधी मेल, कारण बाकी सगळ्यांचे नवे पासवर्ड तिथंच येतात. मग बँक. उरलेली, ज्या दिवशी जिथं लॉगिन कराल त्या दिवशी. यूपीआयचा पिन यात घालू नका, तो डोक्यातच बरा. ब्राउझरमधले पासवर्ड एकदम आणायचे असतील तर ब्राउझर त्यांची एक फाइल काढून देतो. तिला कसलंही कुलूप नसतं, साधं नोटपॅडमध्ये उघडलं तरी सगळं वाचता येतं. ॲपमध्ये घेतली की ती लगेच डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. माझ्या घरच्या संगणकावर ती डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये आठ महिने पडून होती, लाइट बिल आणि लग्नपत्रिकेच्या मधोमध.