घाटातला न्यूट्रल आणि सिग्नलवरचा ब्रेक

गाडी चालवताना इंधन कसे वाचवावे, याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कराडहून चिपळूणला माझे वर्षातून सात-आठ वेळा जाणे होते. कुंभार्ली घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचते, असे वडिलांनी शिकवले आणि मी आजवर तसेच करत आलो. आता माझा मुलगा म्हणतो की त्याने पेट्रोल उलट जास्त जाते. खरे काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे त्यांच्या काळातल्या गाडीपुरते बरोबर होते आणि आपल्या चिरंजीवांचे म्हणणे आजच्या गाडीपुरते बरोबर आहे. जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असे. गिअरमध्ये उतार उतरताना चाके इंजिनाला फिरवत राहत आणि इंजिन जितके वेगाने फिरेल तितके ते कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढून घेई, मग अॅक्सिलरेटरवर पाय असो वा नसो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद गतीवर येई आणि पेट्रोल खरोखरच वाचे. २००० सालाच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले, तसे कारमधून कार्बोरेटर गेले आणि त्यांच्या जागी इंजेक्टर आले. या इंजेक्टरना हुकूम देणारा छोटा संगणक गाडीतच असतो. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अॅक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरते आहे, हे दिसताच तो इंधनाचा पुरवठा पूर्ण बंद करतो. इंजिन फिरते ते केवळ चाकांच्या जोरावर. न्यूट्रलला टाकल्यावर मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, त्यामुळे इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावेच लागते. छोट्या कारचे इंजिन जागेवर नुसते चालू राहिले तरी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेते. घाट उतरायला वीस मिनिटे लागत असतील, तर न्यूट्रलमध्ये दोनशे मिलीलिटरच्या आसपास पेट्रोल जाते आणि गिअरमध्ये त्याच्या तुलनेत नगण्य. आपल्या गाडीत चालू क्षणाचे ॲव्हरेज दाखवणारा पडदा असेल, तर गिअरमध्ये राहून पाय उचलताच आकडा टोकाला गेलेला आपल्याला दिसेल.

पण पेट्रोलचा हिशेब इथे दुय्यम आहे. न्यूट्रलमध्ये गाडी आवरण्याचे सगळे काम एकट्या ब्रेकवर पडते. सतत दाबलेले ब्रेक तापतात, त्यांतले तेल उकळू लागते, पेडल मऊ लागते आणि नेमक्या वळणावर गाडी थांबत नाही. काही जण याच्याही पुढे जाऊन उतारावर इंजिनच बंद करतात. ते तर अजिबात करू नये, कारण ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते, स्टिअरिंग जड होते आणि किल्ली फिरवून काढली गेली तर ते चक्क अडकते. पावसाळ्यात कुंभार्लीत धुके उतरलेले असताना हा धोका कशासाठी पत्करायचा? ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तंतोतंत लागू आहे. वडिलांच्या शिकवणीतला तेवढा एक भाग आपण बदलावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : मी रोज कात्रजहून हिंजवडीला कारने जाते. गाडी घेताना लिटरला २० किलोमीटरचे ॲव्हरेज सांगितले होते, प्रत्यक्षात ११-१२ मिळते. सर्व्हिसिंग वेळेवर होते. गाडीत दोष असेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोष असण्याची शक्यता कमी आहे. आपल्याला सांगितलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो. आपल्या शहरातच असलेल्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरांवर उभी करून, ठरवून दिलेल्या वेगांनी, एसी बंद ठेवून ही चाचणी घेतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे, परंतु संध्याकाळच्या गर्दीत तो मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

शहरात पेट्रोल कुठे जाते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. एक टन वजनाची कार थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० किलोमीटर वेगाला नेण्यासाठी जी ऊर्जा लागते, ती मिळवायला साधारण १७-१८ मिलीलिटर पेट्रोल जळते, कारण पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. पुढच्या सिग्नलला आपण ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन हवेत जाते. कात्रज ते हिंजवडी या एका प्रवासात असे चाळीस वेळा झाले, तर पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल केवळ वेग घेण्यात आणि तो मोडण्यात गेले. म्हणून पेट्रोल वाचवायचे तर लक्ष ब्रेकवर ठेवावे. जितक्या वेळा ब्रेक दाबावा लागेल तितक्या वेळा आधी जाळलेले पेट्रोल आपण टाकून देतो. शंभर-दीडशे मीटर पुढे लाल दिवा दिसत असताना तिथपर्यंत पिकअप घेत जाण्यात काहीच मिळत नाही. त्याच क्षणी पाय उचलून गाडी गिअरमध्येच सोडावी. इंधन बंद होते, गाडी आपोआप मंदावते, आणि अनेकदा आपण पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झाल्याने पहिल्या गिअरपासून सुरुवात करावी लागत नाही. पुढच्या गाडीच्या मागील दिव्यांऐवजी तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्यांकडे नजर ठेवण्याची सवय लागली, की ब्रेकचा वापर किती घटतो हे आपल्याला आठवडाभरात जाणवेल. मागचे लोक हॉर्न वाजवतील. त्यांना वाजवू द्यावे.

वेग घेताना अगदी गोगलगायीसारखे जाण्याचीही गरज नाही. बेताच्या जोराने वेग घेऊन लवकर वरच्या गिअरमध्ये जावे, मात्र इंजिन धडधडू लागेल इतक्या कमी वेगात वरचा गिअर लावू नये. रांगत्या गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवल्याने क्लच प्लेट झिजते आणि पेट्रोलही जाते. त्याऐवजी पुढे दोन-तीन गाड्यांएवढी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच पुढे जावे. सिग्नलवर सेकंदांचा आकडा तीसहून जास्त दिसत असेल, तर इंजिन बंद करावे. आजच्या गाडीला पुन्हा सुरू होण्यासाठी लागणारे पेट्रोल काही सेकंद जागेवर चालू राहण्याइतकेच असते.

प्रश्न : एसी लावावा की काचा उघडाव्यात?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : गावात, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या आत, काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते. मोकळ्या महामार्गावर मात्र उघड्या काचांतून शिरणारा वारा गाडीला मागे ओढतो, तेव्हा काचा लावून एसी चालवणे योग्य. जळगावच्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वी दारे मिनिटभर उघडी ठेवून आतली तापलेली हवा जाऊ द्यावी, आणि गारवा आल्यावर आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे. यापेक्षा जास्त काटकसर करून घरातल्या वृद्धांना आणि मुलांना उन्हात भाजून काढू नये.

प्रश्न : समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा १२० आहे. त्या वेगाने गेल्यास ॲव्हरेज एकदम पडते. जुन्या रस्त्याने ते चांगले मिळत असे. असे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० वरून १२० वर गेल्यास वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. टायरचे घर्षण त्या मानाने फारसे वाढत नसल्याने एकूण खर्च पावणेदोन पट होत नाही, तरी फरक खिशाला जाणवण्याइतका असतो. टपावर सामानाचा कॅरिअर असेल तर तो आणखी वाढतो, म्हणून रिकामा कॅरिअर काढून ठेवावा. नागपूरहून ५०० किलोमीटर जायचे असल्यास १२० ने सव्वाचार तासांच्या आत, १०० ने पाच तासांत आणि ९० ने सुमारे साडेपाच तासांत आपण पोहोचतो. मी स्वतः ९५-१०० चा वेग डाव्या बाजूने स्थिर ठेवणे पसंत करीन. मर्यादा १२० असली तरी तितके गेलेच पाहिजे, असे कोणी म्हटलेले नाही.

निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासावी. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर लिहिलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी तो अनेकदा वेगळा असतो. उन्हात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवण्याची पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती घातक आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, त्यामुळे जास्त तापतो, आणि सिमेंटच्या लांब रस्त्यावर तोच फुटण्याची भीती अधिक असते. पेट्रोलही तो जास्त खातो.

प्रश्न : वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून गाडीचे ॲव्हरेज कमी झाल्यासारखे वाटते. हा भास आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भास नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे वीस टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी होते. २०२१ साली नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालातही जुन्या पद्धतीने जुळवलेल्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के, तर या इंधनासाठी जुळवलेल्या गाड्यांसाठी एक ते दोन टक्के घट धरली होती. घट याहून मोठी असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे, आणि त्यासाठी आधी नीट मोजावे. एकाच पंपावर, नळी आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा काटा शून्यावर आणावा. किमान ३०० किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर पुन्हा तशीच टाकी भरून किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. नळी थांबल्यावर कर्मचाऱ्याला आणखी थोडे पेट्रोल ओतून आकडा पूर्ण करू देऊ नये, कारण तिथेच हिशेब चुकतो. अशा तीन टाक्यांची सरासरी घेऊन तो आकडा मला अवश्य कळवावा.