जाड रेषेतले तारे

अनेक आशीर्वाद.

तुझा एनजीसी २८०८ या गोलाकार तारकागुच्छाचा, ताऱ्यांचा रंग आणि तेज मांडणारा आलेख काल रात्री दोनदा उघडून पाहिला. मुख्य क्रमाची, म्हणजे गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची, रेषा जाड दिसते म्हणून कडेचे ठिपके मोजणीतली चूक समजून गाळले, असं तू लिहिलं आहेस. ते ठिपके आधी परत आण.

गोलाकार तारकागुच्छातले सगळे तारे एकाच ढगातून, एकाच वेळी जन्मले, फरक काय तो वस्तुमानाचा, असं आपण शिकतो. जड तारे केव्हाच संपले. आज साधारण ०.८ सौर वस्तुमानाचे तारे मुख्य क्रम सोडून लाल राक्षसी अवस्थेकडे निघालेत. हे बरंचसं खरंही आहे. पण २००७ साली हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांतून याच गुच्छात तीन मुख्य क्रम वेगवेगळे दिसले. तुझ्या जाड रेषेत तेच पदर असणार, असं मला वाटतं.

चूक की खरं, हे ओळखायला ठिपके कोणत्या बाजूला सांडलेत ते बघ. जोडतारे एकच तारा म्हणून मोजले गेले तर ठिपका वर, तांबड्या बाजूला जातो. दोघे सारखे असतील तर पाऊण प्रतीने (प्रत म्हणजे तेजाचं माप) अधिक तेजस्वी दिसतो. तू गाळलेले ठिपके तर निळ्या बाजूचे आहेत! तिथे हेलियमचा संशय घ्यायचा. हेलियम जास्त असलेला तारा अधिक तापतो, निळा दिसतो आणि आयुष्यही लवकर संपवतो.

हे हेलियम आधीच्या ताऱ्यांच्या पोटात शिजून आलं असावं. एनजीसी ६७५२ या दुसऱ्या गुच्छात २००१ साली मुख्य क्रम सोडण्याच्या बेतात असलेल्या ताऱ्यांतही ऑक्सिजन कमी तिथे सोडियम जास्त, अशी खूण सापडली. एवढ्या लहान ताऱ्याचं पोट असं सोडियम घडवण्याइतकं तापतच नाही. म्हणजे ते जन्मतःच मिळालेलं. हा पुरावा मला फार आवडतो. पण बहुतेक गुच्छांत अशा बदललेल्या घडणीचे तारे निम्म्याहून अधिक आहेत. इतका वायू आधीच्या ताऱ्यांनी पुरवला कसा, याचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. तुझ्यासाठी काम तिथे आहे.

शनिवारी येताना दोन गोष्टी करून आण. चित्रात कृत्रिम तारे पेरून ते पुन्हा मोज, म्हणजे मोजणीमुळे रेषा किती फुगते ते कळेल. आणि दोन वेगळ्या वर्षांची छायाचित्रं ताडून गुच्छाबाहेरचे तारे बाजूला काढ. त्यानंतरही निळे ठिपके उरले, तर शनिवारची वाट पाहू नकोस, रात्री कितीही वाजता फोन कर.