इशानंतर फोन ठेवून दे

अस्सलामु अलैकुम बेटा,

रात्री अडीचपर्यंत गाझाचे व्हिडिओ बघत बसतेस, मग पहाटेच्या फजरच्या नमाजला जाग येत नाही, लेक्चरमध्ये डोकं चालत नाही आणि मेसमध्ये कुणी हसलं तरी राग येतो, हे तू लिहिलेलं सगळं वाचलं. सगळ्यात खाली तू विचारलं आहेस, ‘बाई, माझं ईमान कमजोर झालंय का?’ आधी त्याचं उत्तर देते. नाही.

मोमिन, म्हणजे ईमानवाले, एका शरीरासारखे असतात, एका अवयवाला दुखलं की सगळं अंग जागरण आणि ताप सोसून त्याला साथ देतं, ही हदीस तू लहानपणीच पाठ केलीस. तुझी झोप उडाली ती त्यामुळेच, मनाला पाझर फुटतो म्हणून. पण त्या हदीसमध्ये दुखण्याचं वर्णन आहे. रात्रभर जागून दुखणं वाढवत बसा, असा हुकूम त्यात कुठेही नाही.

एक काम कर. सूरह यूसुफ उघड आणि ८४ ते ८७ या चारच आयती तरजुम्यासकट, म्हणजे अर्थासकट, वाच. याकूब अलैहिस्सलाम हरवलेल्या मुलासाठी, यूसुफसाठी, एवढे झुरले की डोळे पांढरे पडले. नबी होते ते, तरी रडले. घरातलीच मुलं वैतागून म्हणतात, यूसुफची आठवण काढत काढत तुम्ही स्वतःला संपवून घ्याल. ते उत्तर देतात, माझं दुःख आणि माझा शोक मी अल्लाहपाशीच मांडतो. आणि पुढच्याच आयतीत त्याच मुलांना सांगतात, जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या रहमतीपासून नाउमेद होऊ नका. मशिदीतल्या बयानांत, प्रवचनांत, आपल्याला शेवटचा तुकडा तेवढा ऐकवला जातो. त्याच्या आधीचं ‘जा, शोधा’ राहूनच जातं. दृष्टी गेलेला बाप पोरांना धीर देतो तो त्यांना कामाला लावून. मला वाटतं, उमेद अशीच असते. नुसती बसून धरता येत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. जगभर एवढ्या दुआ होतात, मग मदत का येत नाही? मला याचं उत्तर येत नाही, बेटा. आणि जो कुणी दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळा होईल त्याचं फार ऐकू नकोस. एवढं मात्र नक्की, की हा प्रश्न मनात आला म्हणून घाबरायचं कारण नाही. सूरह बकराची २१४वी आयत बघ. संकटांनी हादरलेले मोमिन आणि खुद्द त्यांच्यातला रसूल, अल्लाहचा प्रेषित, विचारतो, अल्लाहची मदत कधी येणार? आयतीत पुढे जवाब आहे की मदत जवळच आहे. ती उद्या येईल की परवा, ते तिथे लिहिलेलं नाही. पण हा प्रश्न कुराणातच आहे, म्हणजे सजदात डोकं टेकून तो विचारायला तुला पूर्ण मुभा आहे. बिअरे मऊना या विहिरीपाशी सत्तर सहाबींना, पैगंबरांच्या साथीदारांना, दगा देऊन मारलं तेव्हा रसूलुल्लाहनी, आपल्या पैगंबरांनी (स.), महिनाभर नमाजमध्ये कुनूत ही खास दुआ पढली. संकटकाळी पढायच्या कुनूते नाजिलाची रीत तिथूनच आली. दुःखाला त्यांनी नमाजमध्ये एक ठरलेली जागा दिली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

लांबच्या लढाईची धास्ती आपल्या कोकणाला नवी नाही. १९९० साली २ ऑगस्टला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांतली माणसं तिकडे होती. फोन लागत नव्हते. रेडिओवरच्या सकाळ-रात्रीच्या बातम्या, बस. मधल्या वेळात बायका एकीच्या पडवीत जमायच्या. खाली चादर, चादरीवर चिंचोक्यांचा ढीग आणि आयते करीमा चालू. यूनुस अलैहिस्सलामांनी माशाच्या पोटात केलेली ती दुआ सव्वा लाख वेळा पढायची. एकदा पढलं की एक चिंचोका या ढिगातून त्या ढिगात. (हल्ली काही जण याला बिदअत, म्हणजे धर्मात नंतर घुसलेली रीत, म्हणतात. तो वाद मी इथे काढत नाही.) मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, शाळा सुटली की तिथे जाऊन बसायची. पढता पढता एखादीला रडू फुटायचं. शेजारची तिच्या पाठीवर हात ठेवायची, पण तिचं पढणं थांबायचं नाही. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की सगळ्या उठून आपापल्या घरी, चुलीवर भात ठेवायला.

भीती तुझ्यापेक्षा कमी नव्हती. तिकडे अडकलेला कुणाचा नवरा होता, कुणाचा मुलगा. पण ती भीती अंधारात एकटीने अंगावर घ्यायची वेळ कुणावर आली नाही आणि बातमी दिवसातून दोनदाच घरात यायची. पुढे अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी १ लाखाहून जास्त भारतीय मायदेशी आले. दुआमुळे आले की विमानामुळे, असला प्रश्न त्या पडवीत कुणालाच पडला नाही.

तुझ्या हातात आज बातमी चोवीस तास आहे, तीही चालत्याबोलत्या चित्रांत. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात जे लोक रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या बघत होते त्यांच्या मनावरचा ताण, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाला, असं अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं. म्हणजे तुला होतंय ते नाटक नव्हे आणि ईमानाचा आजारही नव्हे. रसूलुल्लाहना (स.) रात्रीच्या इशाच्या नमाजआधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारत बसणं पसंत नव्हतं, हे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. तेव्हा इशा झाली की फोन रूममेटच्या कपाटात. अलार्मचा बहाणा सांगू नकोस, चावीचं साधं घड्याळ घे. बातमी दिवसातून एकदा, दुपारच्या असरच्या नमाजनंतर वाच. वाच म्हणते, बघ नाही.

नजर वळवली तर आपण त्यांना वाऱ्यावर सोडलं, असं तुला वाटतं, हे मला ठाऊक आहे. पण तू बघत राहिलीस म्हणून तिथल्या कुणाला पाण्याचा घोट मिळत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझात मारल्या गेलेल्या नातीच्या, रीमच्या, मिटलेल्या डोळ्यांचे मुके घेणारे खालिद नबहान तुला आठवत असतील. तो व्हिडिओ सगळ्या जगाने पाहिला. त्यानंतर तो माणूस जखमी पोरांना धीर देत आणि रस्त्यावरच्या मांजरांना खाऊ घालत हिंडत होता, तिकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये तेही हल्ल्यात गेले. तुला त्यांच्याकडून काही घ्यायचं असेल तर ते मधलं वर्ष घे.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ‘यहुदी सगळे सारखेच’ असं तू लिहिलंस. आपल्याच रायगड जिल्ह्यात अलिबाग, नवगाव, रेवदंडा या बाजूला बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आपल्यासारखेच मराठी बोलणारे. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तिथे त्यांचं मराठी मासिकसुद्धा निघत होतं. ७ ऑक्टोबर २०२३ ला तिथे सुमारे १,२०० माणसं मारली गेली, त्यांच्या घरीही मातमच झाला असणार. गाझात त्यानंतरच्या दोन वर्षांत ६७ हजारांहून जास्त लोक गेले, हा तिथल्या आरोग्य मंत्रालयाचा आकडा. हे बोलायला कचरू नकोस, जुलूमला जुलूमच म्हण. मात्र न्यूयॉर्कमध्ये युद्ध थांबवा म्हणून अटक करून घेणाऱ्यांत यहुदी पोरंही होती, हेही लक्षात ठेव. सूरह माइदाच्या ८व्या आयतीत सांगितलंय, एखाद्या कौमचं वैर तुम्हाला इन्साफ सोडायला लावू नये. ही आयत सोप्या दिवसांसाठी उतरलेली नाही.

आता तुझं ‘जा, शोधा’. सदका, म्हणजे दान, दे, शंभर रुपये असले तरी चालतील, पण इन्स्टाग्रामवर दिसेल त्या क्यूआर कोडवर पाठवू नकोस. यूनिसेफसारख्या माहितीतल्या संस्थेला दे. जुम्याच्या दिवशी, शुक्रवारी, हॉस्टेलच्या दोघी-तिघींना घेऊन ससून हॉस्पिटलकडे जा, पेशंटच्या नातेवाइकांना जेवण वाटणाऱ्यांना हात लाव, निय्यत गाझाच्या आईबापांसाठी कर. आणि बी.फार्म.चा अभ्यास सोडू नकोस. औषधं संपलेल्या दवाखान्यात काय होतं ते तू गेली दोन वर्षं पाहिलंस. पुस्तकातलं प्रत्येक पान तुला त्या दवाखान्याच्या जवळ नेतं, हे मी उगाच तुझी समजूत काढायला म्हणत नाही.

एवढं करूनही पंधरा दिवसांत झोप आली नाही, अन्न गोड लागलं नाही किंवा जगूच नये असं मनात आलं, तर डॉक्टर गाठ. तसलं काही मनात आलं तर पंधरा दिवस थांबायचंही नाही. ‘नमाज पढ, सगळं ठीक होईल’ म्हणणारे भेटतील. त्यांना सांग, बल्ख शहरातले अबू झैद अल-बल्खी हजार-अकराशे वर्षांपूर्वी शरीर आणि मन दोन्हींच्या तब्येतीवर ग्रंथ लिहून गेले. त्यांनी दुःखाचे प्रकार पाडले, एक ज्याचं कारण माहीत असतं आणि दुसरं जे कारणाशिवाय येतं नि ज्याचं मूळ शरीरात असू शकतं. त्यावर इलाजही वेगवेगळे सांगितले. मधुमेहाची गोळी घेताना आपण तवक्कुल, अल्लाहवरचा भरवसा, सोडला असं तुझे अब्बा म्हणतात का? टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये आत्ताच सेव्ह कर.

आणि हसणाऱ्या मैत्रिणींवर चिडू नकोस. त्यांच्यातल्या एकीला तरी सांग की तुला त्रास होतोय. पडवी हॉस्टेलच्या खोलीतही भरवता येते.

अम्मीने तुझ्यासाठी सोडे आणि तांदळाचं पीठ बांधून ठेवलंय, शनिवारच्या एसटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणाली. तिला आज फोन कर, मी काही सांगितलेलं नाही. मला रविवारी असरनंतर कर, घड्याळ घेतलंस की नाही ते विचारणार आहे.

तुझ्या
बाई