दोरीला गाठी मारून केलेल्या कामाला शिल्प का म्हणावे?

गाठींचे काम म्हणजे झाडाच्या कुंड्या टांगायचे शिंकाळे, हा समज शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांची ‘यक्षी’ (१९८४) ही दोरीची कलाकृती पाहिल्यावर टिकत नाही. मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या मुखर्जी माग किंवा आधी काढलेले रेखाटन न वापरता, रंगवलेल्या वाखाच्या दोरीला हाताने गाठीमागून गाठ मारत आकृती वाढवत नेत असत. जवळून पाहिले तर गाठींची दाट वीण दिसते, आणि तिच्याच घड्या पडून, फुगवटे येऊन देह उभा राहतो. आकारमान, वजन आणि अवकाश हे सारे इथे दोरीनेच घडते. मग शिल्प म्हणायला दगडच हवा, हा (माझ्या मते निव्वळ सवयीचा) आग्रह कशासाठी? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन (‘मेट’) कलासंग्रहालयाने २०१९ मध्ये त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले होते.