प्रोग्रामिंग संपलं अशी बातमी रोज येते. मग शिकावं की सोडावं?

प्रश्न थोडक्यात असा: प्रश्नकर्ते सोलापुरात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. मोबाइल उघडला की एआय आता स्वतःच कोड लिहितो, अमक्या कंपनीने इतके लोक काढले, तमकी भाषा मेली, अशा बातम्या दिसतात. घरचे म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. या बातम्या कितपत मनावर घ्यायच्या आणि नक्की शिकायचं काय, हे जुन्या प्रोग्रामरनी सांगावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

जुना म्हणायला हरकत नाही. विंडोजच्या आधीच्या डॉसवर फॉक्सप्रो (डेटा साठवून त्यावर प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) चालायचं तेव्हापासून मी याच गावात बिलिंग, पगारपत्रक आणि गोदामाची सॉफ्टवेअर लिहितोय. गिऱ्हाईक म्हणजे चादर-टॉवेलचे कारखानदार, सुताचे व्यापारी आणि एखाददुसरी पतसंस्था. त्यामुळे माझं मत अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या अंगाने येणार, बंगळुरूच्या नाही, एवढं धरून पुढे वाचा.

तंत्रज्ञानाची बातमी बहुतेक वेळा बारशाची असते. नाव ठेवलं, पेढे वाटले, फोटो काढले. पुढची वीस वर्षं त्या पोराचं कोण करणार, हे तिथे कोणी विचारत नाही. आणि आपला धंदा त्या वीस वर्षांचाच आहे. लिहिलेला प्रोग्राम चालता ठेवणं, बदलत्या कायद्याप्रमाणे तो बदलत राहणं, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी असं का लिहिलं होतं ते शोधून काढणं, यातच प्रोग्रामरचा बहुतेक वेळ जातो. त्याची बातमी होत नाही, म्हणून तुम्हाला ते काम अस्तित्वातच नाही असं वाटतं.

'आता प्रोग्रामर नको' ही बातमीही काही नवी नाही. १९५९ साली कोबोल आली तेव्हा इंग्रजीसारखी वाचता येणारी भाषा आहे, आता साहेबलोकांनाही प्रोग्राम कळेल, असं सांगितलं जात होतं. १९८१ साली ब्रिटनमध्ये एक प्रोग्राम विकायला आला, त्याचं नावच 'द लास्ट वन'. म्हणजे यानंतर प्रोग्राम लिहायची गरजच उरणार नाही, हाच प्रोग्राम तुम्हाला बाकीचे लिहून देईल! उलट्या दिशेच्या बातम्याही तशाच. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं, २०१५ च्या जानेवारीत त्याचा सपोर्टही बंद केला. सोलापुरात ते अजून चालतंय. मी परवाच एका ठिकाणी त्यातला डेटा बाहेर काढायला गेलो होतो. फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये नाव बदलून मेटा केलं, तेव्हा माझ्याकडे येणारी पोरं मेटाव्हर्सचा (संगणकातल्या आभासी जगाचा) कोर्स करू का म्हणून विचारायची. आता कोणी विचारत नाही.

पण म्हणून एआयचीही तीच गत होईल, असं मी म्हणणार नाही. हे प्रकरण वेगळं आहे. मी स्वतः ते रोज वापरतो. कुणीतरी लिहून ठेवलेला, धड नावंही न दिलेला जुना कोड समजावून घ्यायला, चाचणीसाठी खोटी बिलं तयार करायला, एखाद्या रिपोर्टचा पहिला खर्डा करायला ते फार कामाचं आहे. फक्त त्याच्याबद्दल जे छापून येतं ते तपासून घ्या. जुलै २०२५ मध्ये मेटर नावाच्या अमेरिकी संस्थेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी प्रोग्रामर, त्यांच्याच नेहमीच्या प्रकल्पांतली २४६ कामं. काही एआय वापरून करायची, काही न वापरता. काम २४ टक्के लवकर होईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि गंमत म्हणजे काम संपल्यावरही, आपण २० टक्के लवकर उरकलं, असंच त्यांना वाटत होतं. यावरून 'एआय बिनकामाचं' असा मथळा देणाऱ्यांनीही अर्धंच वाचलं. ती माणसं आपापल्या मोठ्या, जुन्या प्रकल्पांत मुरलेली होती आणि साधनं २०२५ च्या सुरुवातीची होती. नवख्या माणसाला नवं काम देऊन मोजलं तर आकडा वेगळा येऊ शकतो. मी यातून एवढंच घेतो की काम भराभर होतंय असं वाटणं आणि ते होणं यात फरक आहे, आणि बातम्या त्या वाटण्यावरच लिहिल्या जातात.

कोड टाइप करणं हा या कामातला अवघड भाग कधीच नव्हता. काय लिहायचं ते कळणं अवघड. हे असं मोघम बोलून तुम्हाला पटणार नाही, म्हणून आपल्या गावचंच उदाहरण घेऊ.

चादरीवरचा जीएसटी. बरीच वर्षं नियम असा होता की नगाची विक्री किंमत १००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली की १२. नवा प्रोग्रामर काय करतो? बिलाच्या कोडमध्ये सरळ अट लिहितो, हजारापेक्षा जास्त असेल तर १२, नाहीतर ५. तीच अट क्रेडिट नोटमध्ये (माल परत आला की आधीच्या बिलातून वजा करायची चिठ्ठी), कोटेशनमध्ये, महिन्याच्या रिपोर्टमध्ये. एआयला 'चादरीच्या बिलाचा प्रोग्राम लिहून दे' म्हणालात तर तेही बहुधा असंच काहीतरी देईल, आणि ते चालेलही. मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडतो. मर्यादा २५०० वर जाते आणि त्यावरचा दर १८ होतो. कोडमध्ये शोधून शोधून सगळीकडे आकडे बदलले की झालं, असं वाटतं. दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा फोन येतो: ऑगस्टमध्ये विकलेल्या १४०० रुपयांच्या चादरी परत आल्यात, क्रेडिट नोट ५ टक्क्यांनी निघतेय. मूळ बिल १२ टक्क्यांनी गेलं होतं. क्रेडिट नोटला मूळ बिलाचाच दर लागतो, आजचा नाही.

म्हणून दर कोडमध्ये लिहायचाच नसतो. त्याचं वेगळं टेबल, म्हणजे तक्ता, ठेवायचं: कोणत्या तारखेपासून, किती किमतीपर्यंत, किती टक्के. बिल बिलाच्या तारखेने दर शोधेल आणि क्रेडिट नोट मूळ बिलाच्या तारखेने. ज्यांनी असं केलं होतं त्यांचा २०२१ चा ३१ डिसेंबरही सुखात गेला. दुसऱ्या दिवसापासून कापडाचा दर ५ चा १२ होणार म्हणून सगळ्यांनी सॉफ्टवेअर बदलून ठेवलं होतं, आणि त्याच दिवशी जीएसटी कौन्सिलने बैठक घेऊन तो निर्णय लांबणीवर टाकला. टेबलवाल्यांनी एक ओळ पुसली. बाकीचे नवीन वर्षाच्या पहाटेपर्यंत कोड पूर्ववत करत बसले.

अजून एक. २६०० रुपयांची मोठी जकार्ड चादर, बिलातच १० टक्के सूट. हातात पडणारी किंमत २३४०. मर्यादा कोणत्या आकड्याला लावायची, सूट देण्याआधीच्या की नंतरच्या? एकीकडे १८ टक्के, दुसरीकडे ५. विक्री किंमत म्हणजे बिलातली सूट वजा जाता उरते ती, हे तुमच्या प्रोग्रामला आपोआप कळत नाही. हा प्रश्न कोड लिहिण्याआधी ज्याला पडतो आणि जो उठून अकाउंटंटच्या टेबलाशी जातो, तो प्रोग्रामर. एआयला हा प्रश्न विचारलात तर उत्तर चांगलं मिळतं, पण विचारायला आधी सुचायला हवं ना.

बातम्या वाचायच्याच असतील तर नव्याच्या घोषणा कमी वाचा आणि काय, कसं बिघडलं त्याचे अहवाल जास्त वाचा. आमच्या पिढीला हे मिळत नव्हतं. आता कंपन्या स्वतःच सविस्तर लिहितात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने जगभरातले विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण काय होतं? धोका ओळखायच्या नियमाच्या साच्यात २१ रकाने होते आणि तो चालवणारा कोड २० च देत होता. एकविसावा वाचायला गेला आणि कोसळला. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये सर ज्यावरून मार्क कापतात तीच चूक. फक्त ती एकाच वेळी सगळ्या मशीनवर गेली, थोड्यांवर लावून बघितली नाही.

माझी सगळ्यात आवडती बातमी मात्र त्याच वर्षीच्या मार्चमधली आहे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक प्रोग्रामर पोस्टग्रेस या डेटाबेसवर कामगिरीच्या चाचण्या घेत होता. मशीनवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याच्या लक्षात आलं. दुसरा कोणी असता तर नेट स्लो असेल म्हणून चहा प्यायला गेला असता. हा खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) कोणीतरी चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलेलं त्याला सापडलं. 'जिया टॅन' असं नाव लावणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं शहाण्यासारखं काम करून, एकट्याने ती लायब्ररी सांभाळणाऱ्या थकलेल्या माणसाचा विश्वास मिळवला होता. आणखी काही महिने गेले असते तर ते जगभरच्या सर्व्हरवर पोचलं असतं. या एका गोष्टीत आपल्या धंद्याचं सगळं आहे: फुकटात राबणारे लोक, त्यांच्यावर उभी असलेली मोठी दुकानं, आणि 'हे असं का होतंय' म्हणून हटून बसणारा एक माणूस.

आता शिकायचं काय. एसक्यूएल. डेटाबेसमधली माहिती काढायची १९७० च्या दशकातली भाषा आहे, तिच्या मरणाच्या बातम्या मी कित्येकदा वाचल्या, आणि आजही ती येत नसेल तर माझ्याकडे काम नाही. त्याच्या जोडीला कोणतीही एक भाषा नीट शिका. पायथॉन घ्या, जावा घ्या, यावर वाद घालण्यात दम नाही. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) येऊ द्या. दुसऱ्याचा कोड वाचायची सवय लावा, कारण यापुढे तुम्ही लिहाल त्यापेक्षा मशीनने लिहिलेलं तपासाल जास्त.

मराठी मजकूर सांभाळायलाही शिका. इथे फार कमी लोकांना ते येतं. एका व्यापाऱ्याच्या यादीत 'कऱ्हाड' शोधलं तर निम्मीच गिऱ्हाइकं सापडायची. पडद्यावर सगळी कऱ्हाडं सारखीच दिसतात. आत बघितलं तर काही ठिकाणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, काही ठिकाणी साधा 'र', हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. कीबोर्ड वेगळे, म्हणून आतला मजकूर वेगळा. साठवतानाच एका रूपात आणलं की काम भागतं. पण हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर डेटाबेसला शिव्या घालत बसतो.

नोकऱ्यांचं खोटं सांगणार नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. कॉलेजात येऊन शंभर पोरं उचलून न्यायची आणि मग काय काम द्यायचं ते बघायचं, हे दिवस परत येतील असं मला वाटत नाही. फक्त पदवीच्या भरवशावर पुण्याची गाडी पकडणार असाल तर घरचे म्हणतात ती बँकेची परीक्षा वाईट नाही, आणि तिचा अभ्यास केल्याने प्रोग्रामिंग विसरतही नाही. पण एखाद्या धंद्याचं पोटातलं ज्ञान आणि कोड दोन्ही येणारा माणूस मला आजही मिळत नाही. मी शोधत असतो.

सुट्टीत ओळखीचा एखादा कारखानदार किंवा दुकानदार गाठा आणि त्याच्या अकाउंटंटशेजारी खुर्ची टाकून बसा. तो कुठे कॅल्क्युलेटर काढतो, कुठे सॉफ्टवेअर बाजूला ठेवून वहीत लिहितो, ते टिपून ठेवा आणि त्यातलं एक काम सोडवून दाखवा. एआयची मदत खुशाल घ्या. फक्त मार्चएंडला जाऊ नका, तेव्हा तो तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाही.